चारित्र्य पडताळणीत तुमच्याबद्दल नेमकं काय काय कळतं? अर्ज भरण्याआधी हे वाचून ठेवा

मैदानी झाली, लेखी झाली, यादीत नाव लागलं. घरात पेढे वाटले गेले, चौकात अभिनंदनाचा फ्लेक्सही लागला. मग हातात साक्षांकन नमुना येतो. त्यात एक रकाना असतो : तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का? अटक झाली होती का? कोर्टात केस चालली होती का?

चार-पाच वर्षांपूर्वी बांधावरच्या भांडणात चुलत्यांबरोबर पोराचंही नाव घातलेलं असतं. पुढे केस आपसात मिटलेली असते. ‘मिटलंय ना, मग कशाला लिहायचं?’ असं कुणीतरी जाणकार सांगतं आणि पोरगा ‘नाही’ लिहून मोकळा होतो. घात इथेच होतो. अशा प्रकरणांत नोकरी बऱ्याचदा गुन्ह्यामुळे जात नाही, तो लपवल्यामुळे जाते.

पोलीस भरती, सैन्य, एमआयडीसीतली कंपनी, सिक्युरिटी एजन्सी, स्कूल बसचा ड्रायव्हर, पासपोर्ट, बँकेचं कर्ज, अगदी सोयरीक जुळवतानासुद्धा आता माणसाची माहिती काढली जाते. ही माहिती कुठून निघते, किती निघते आणि कुठे थांबते, ते या लेखात एका जागी दिलं आहे.

पोलीस ठाण्यातून काय कळतं?

चारित्र्य पडताळणीचा अर्ज आता ऑनलाईन भरता येतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि ज्या कंपनीला दाखला हवा तिचं पत्र जोडून शुल्क भरलं की अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे आणि तुम्ही राहता त्या हद्दीच्या पोलीस ठाण्याकडे जातो. शहरात अधीक्षकांच्या जागी पोलीस आयुक्तालय असतं. ठाण्यात तुमचं नाव रेकॉर्डला लावून बघतात. गरज वाटली तर बीट अंमलदार गावात चौकशी करतो, पोलीस पाटलाला विचारतो.

पूर्वी हे काम ठाण्याच्या वह्यांपुरतं असायचं. आता देशभरातली पोलीस ठाणी सीसीटीएनएस या संगणक जाळ्याने जोडलेली आहेत. त्यामुळे ‘गुन्हा पुण्यात झाला, आपल्या तालुक्यात कुणाला कळतंय’ हा हिशेब आता चालत नाही.

रेकॉर्डमध्ये साधारण या गोष्टी असतात :

• दखलपात्र गुन्हा, म्हणजे एफआयआर. यात नाव असेल तर ते दिसतंच. पुढे अटक झाली का, दोषारोपपत्र गेलं का, निकाल काय लागला, हेही त्याला जोडलेलं असतं.

• अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी. शिवीगाळ, किरकोळ धक्काबुक्की अशा तक्रारी. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस याचा तपास करत नाहीत. एनसी म्हणजे एफआयआर नव्हे, पण ठाण्याच्या नोंदवहीत ती राहते.

• प्रतिबंधक कारवाई. गावाकडे याला ‘चॅप्टर केस’ म्हणतात. जुन्या कायद्यातलं कलम १०७ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १२६ झालं आहे आणि ११० चं १२९ झालं आहे. निवडणूक, गणपती, जयंतीच्या आधी अनेकांकडून शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतात, तो याच कलमांखाली. ही शिक्षा नसते, पण रेकॉर्डला नोंद असते.

• तडीपारी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५५, ५६ आणि ५७ खाली जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी हद्दपार करता येतं. पडताळणीत ही नोंद जड जाते.

‘केस मिटली’ म्हणजे नक्की काय झालं?

गावात ‘मिटली’ हा एकच शब्द चालतो, कागदावर त्याचे अनेक प्रकार आहेत. तुमची केस यातल्या कोणत्या प्रकारात बसते ते माहीत असलं पाहिजे, कारण फॉर्ममध्ये तेच लिहायचं आहे.

• तक्रारदाराने ठाण्यात ‘तक्रार नाही’ असं लिहून दिलं. नुसत्या या जबाबाने दाखल झालेला एफआयआर संपत नाही. पुढे कोर्टात काय झालं ते बघावं लागतं.

• समरी. तपासानंतर पोलीस कोर्टाकडे अहवाल पाठवतात. गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही, तर ‘अ’ समरी. तक्रारच खोटी निघाली तर ‘ब’ समरी. गैरसमजातून दाखल झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची असेल तर ‘क’ समरी. कोर्टाने अहवाल मंजूर केल्याचा आदेश तुमच्याकडे हवा.

• आपसात तडजोड. मारहाण, शिवीगाळ असे काही गुन्हे कायद्यानेच तडजोडीला पात्र आहेत. लोकअदालतीत किंवा कोर्टात अशी तडजोड नोंदवली गेली की तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखा असतो.

• निर्दोष मुक्तता. यातही फरक केला जातो. पुराव्याअंती निर्दोष ठरणं वेगळं, साक्षीदार फुटले म्हणून किंवा संशयाचा फायदा मिळून सुटणं वेगळं. पोलीस दलासारख्या नोकरीत हा फरक बघितला जाऊ शकतो, हे सुप्रीम कोर्टाने मान्य केलं आहे.

• हायकोर्टाने गुन्हा रद्द केला. याचा आदेश जपून ठेवा.

• सरकारने गुन्हे मागे घेतले. आंदोलनातले गुन्हे, लॉकडाऊनमध्ये कलम १८८ खाली झालेले गुन्हे मागे घेण्याचे निर्णय झाले. पण नुसती घोषणा झाली म्हणून तुमची केस आपोआप संपत नाही. कोर्टात गेलेल्या केसमध्ये सरकारी वकिलाला अर्ज करावा लागतो आणि कोर्टाची परवानगी लागते. तुमच्या केसमध्ये तसं झालं का, ते कोर्टात जाऊन बघा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वरच्या कोणत्याही प्रकाराने ‘कधी गुन्हा दाखल झाला होता का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ होत नाही. उत्तर ‘होय’च राहतं. त्याच्यापुढे ‘अमुक तारखेला निर्दोष मुक्तता’ किंवा ‘तडजोड’ असं लिहायचं आणि निकालाची नक्कल जोडायची. मात्र प्रश्न नीट वाचा. एखाद्या फॉर्ममध्ये फक्त शिक्षा झाली का, एवढंच विचारलेलं असतं. जे विचारलं आहे त्याचं खरं उत्तर द्यायचं.

लपवलं तर काय? सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल

दिल्ली पोलीस दलात हेड कॉन्स्टेबलसाठी १९९९ मध्ये एका तरुणाने अर्ज केला. त्याच्यावर भादंवि ३२५ चा, म्हणजे गंभीर दुखापतीचा गुन्हा होता. त्यात तडजोड होऊन तो १९९८ मध्येच सुटला होता. अर्जात त्याने ते लिहिलं नाही. परीक्षेत पास झाला, पण निवड रद्द झाली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०११ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. तरुण वयात हातून चुका होतात, त्यासाठी माणसाला आयुष्यभर गुन्हेगार ठरवू नये, असा त्या निकालाचा रोख होता.

हा निकाल सांगून ‘काही होत नाही, लपव’ असा सल्ला देणारे भेटतात. पण त्यानंतर २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी सविस्तर नियम घालून दिले. आज सरकारी नोकरीत हेच नियम बघितले जातात. त्यांचं सार असं :

१. अटक, चालू केस, शिक्षा किंवा सुटका, जे विचारलं असेल त्याची माहिती खरीच द्यायची.

२. किरकोळ प्रकरण, उदाहरणार्थ तरुणपणी दिलेल्या घोषणा, लपवलं गेलं असेल तर नेमणूक देणारा ते माफ करू शकतो. ‘करू शकतो’ म्हणजे करेलच असं नाही.

३. गंभीर गुन्हा लपवला तर उमेदवारी रद्द होऊ शकते, नोकरीवरूनही काढता येतं.

४. किरकोळ केस चालू असेल आणि उमेदवाराने ती खरी सांगितली असेल, तर परिस्थिती बघून निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते.

५. सगळं खरं सांगितलं तरी पूर्वेतिहास बघून निर्णय घेण्याचा अधिकार नेमणूक देणाऱ्याकडे राहतो.

६. उमेदवाराला ज्या गोष्टीची माहितीच नव्हती, ती लपवली असा ठपका त्याच्यावर ठेवता येत नाही.

म्हणजे खरं सांगणाऱ्याला वाट राहते. लपवणाऱ्याची वाट दुसऱ्याच्या मर्जीवर असते.

वय अठरा पूर्ण नसताना झालेली केस

पालकांनी हे जरूर वाचावं. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम २४ नुसार, अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून काही घडलं आणि बाल न्याय मंडळात त्याचा निकाल लागला, तरी त्यामुळे पुढे त्याच्यावर अपात्रता येत नाही. अतिगंभीर गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाला प्रौढ म्हणून चालवलं गेलं, तर हा नियम लागू नाही.

याच कायद्याचं कलम ७४ म्हणतं की, निकाली निघालेल्या अशा प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी किंवा इतर कारणासाठी उघड करायची नाही. तुमच्या मुलाच्या दाखल्यावर अशी नोंद आली असेल तर या कलमाचा उल्लेख करून अधीक्षक कार्यालयात लेखी अर्ज द्या. घटनेच्या दिवशी वय किती होतं, त्याचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म दाखला जोडा.

पासपोर्टला केस आडवी येते का?

पासपोर्ट कायदा १९६७ नुसार, फौजदारी कोर्टात केस चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. तसंच, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात मागच्या पाच वर्षांत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली असेल तरीही नाकारता येतो. पण केस चालू असलेल्यांसाठी १९९३ च्या अधिसूचनेने रस्ता ठेवला आहे. ज्या कोर्टात केस आहे तिथून परदेशी जायची परवानगी घेतली तर पासपोर्ट मिळू शकतो. परवानगीच्या आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर तो साधारण एक वर्षाचा मिळतो. आखातात कामाला जाणाऱ्यांनी एजंटाला पैसे देण्याआधी हे काम वकिलामार्फत करून घ्यावं. माहिती लपवून घेतलेला पासपोर्ट जप्त होऊ शकतो.

कोर्टाचं रेकॉर्ड तर मोबाईलवर

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर जिल्हा आणि तालुका कोर्टातल्या केसेस कुणालाही बघता येतात. पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकलं की यादी येते. फौजदारी, दिवाणी, चेक बाऊन्स, वाटणीचा दावा, सगळं. पुढची तारीख, टप्पा, निकाल दिसतो. प्रत्येक केसला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, त्यावरून ती नेमकी सापडते.

एफआयआरसुद्धा पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळतो. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो २४ तासांत टाकायला सांगितलं. लैंगिक अत्याचार, पोक्सो, दहशतवाद अशा संवेदनशील प्रकरणांना त्यातून वगळलं आहे.

खाजगी कंपन्या पडताळणीचं काम ज्या एजन्सीला देतात, ती बहुतेक वेळा हेच रेकॉर्ड नावाने शोधते. आणि इथे गावाकडच्या माणसाची पंचाईत होते. एकाच आडनावाची भावकी, एकच नाव असलेले तीन-चार जण, कधी वडिलांचं नावही तेच. दुसऱ्याची केस तुमच्या नावावर चिकटते आणि कंपनीचा मेल येतो, ‘पडताळणीत प्रतिकूल माहिती आढळली.’

असं झालं तर घाबरून गप्प बसू नका. कंपनीकडे केस क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी मागा. त्या केसच्या कागदात आरोपीचं वय, पूर्ण नाव आणि राहण्याचं गाव असतं. त्याची नक्कल काढा, तुमचा जन्म दाखला आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला जोडा आणि खुलासा द्या.

जमीन आणि कर्ज

महाभूलेखवर सातबारा कुणाचाही, कुणालाही बघता येतो. गट नंबर नसला तरी नावाने शोधता येतो. इतर अधिकाराच्या रकान्यात सोसायटीचा, बँकेचा बोजा दिसतो. आठ-अ वरून एकूण खातं कळतं. खरेदीखतांची सूची क्रमांक २ नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. सोयरीक जुळवताना ‘वीस एकर बागायत’ म्हणून सांगितलेलं रान किती जणांच्या सामाईक खात्यात आहे, हे दहा मिनिटांत कळतं.

सिबिलचं तसं नाही. ३०० ते ९०० मधला तो स्कोअर आणि कर्जाचा अहवाल शेजाऱ्याला किंवा व्याह्याला काढता येत नाही. २००५ च्या कायद्याने तो बँका, फायनान्स कंपन्या अशा ठराविक संस्थांनाच आणि स्वतः तुम्हाला मिळतो. सिबिलसह देशात अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेने केला आहे. कुणासाठी जामीनदार राहिला असाल तर त्याची थकबाकीही तुमच्या अहवालात दिसू शकते. गावातल्या पतसंस्थेचं किंवा सावकाराचं कर्ज मात्र त्यात बहुधा दिसत नाही.

शिक्षण, नोकरी, लायसन्स

दहावी-बारावीची गुणपत्रिका बोर्डाकडून, पदवी विद्यापीठाकडून तपासून घेतली जाते. डिजिलॉकरमधला कागद थेट देणाऱ्या संस्थेकडून येतो, त्यामुळे त्यावर शंका राहत नाही. बनावट मार्कशीट आज चालून गेली तरी दहा वर्षांनी सापडू शकते आणि तेव्हा नोकरी जाऊन वर गुन्हा दाखल होतो.

आधीच्या नोकरीचं पीएफ खातं असेल तर यूएएनवर कोणत्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होता ते दिसतं. ‘तीन वर्षांचा अनुभव’ लिहून आठ महिनेच काम केलं असेल तर ते इथे उघडं पडतं. लायसन्स चालू आहे का आणि कोणत्या वाहनासाठी आहे, हे परिवहनच्या संकेतस्थळावर लायसन्स नंबर आणि जन्मतारखेवरून कळतं.

आधार कार्ड म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. त्यावरून ओळख पटते, गुन्हा, कर्ज किंवा वागणूक यातलं काहीच कळत नाही.

काय काढता येत नाही?

बँकेतली शिल्लक, आयकराचं विवरण, दवाखान्याचे कागद, मोबाईलचे कॉल रेकॉर्ड ही माहिती कोणत्याही खाजगी माणसाला पडताळणीच्या नावाखाली मिळू शकत नाही. कॉल रेकॉर्ड बेकायदा मिळवून विकल्याबद्दल २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी काही खाजगी गुप्तहेरांना अटक केली होती. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी २०१८ पासून आहे, पण ती तपास यंत्रणांसाठी आहे, सर्वांसाठी खुली नाही.

खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कंपनीने संमतीच्या कागदावर सही मागितली तर कशाकशाची पडताळणी होणार आहे ते वाचून मगच सही करा. ओटीपी कुणालाही सांगू नका.

तुम्हालाच माणूस कामावर ठेवायचा असेल तर

सिक्युरिटी एजन्सीला २००५ च्या कायद्याने रखवालदाराची पडताळणी बंधनकारक आहे. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारने शाळांनाही कर्मचाऱ्यांची, विशेषतः कंत्राटी माणसांची, काटेकोर पडताळणी करायला सांगितलं. तुमच्या मुलांच्या शाळेत व्हॅनचालकाचा दाखला घेतला आहे का, हे पालक म्हणून विचारायला लाजू नका. घर भाड्याने देताना भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. तसा आदेश निघालेला असेल तर ती न दिल्याबद्दल घरमालकावरच गुन्हा होतो.

दाखला कोरा आला म्हणजे माणूस चांगलाच, असंही नाही. दाखल्यात जे नोंदलं गेलं तेवढंच येतं. घरात बायकोला मारणारा, दुकानदारांची उधारी बुडवणारा, पण कधी तक्रारच झाली नाही, असा माणूस कागदावर स्वच्छ असतो. उलट, भावकीच्या वादात उगाच नाव गोवलेला सरळ पोरगा कागदावर डागी दिसतो. म्हणून दाखल्याबरोबर चार माणसांना विचारणं आणि त्या माणसाशी स्वतः बोलणं सोडू नका.

अर्ज भरण्याआधी एवढं करा

१. ई-कोर्ट्सवर स्वतःचं नाव टाकून बघा. शंका असेल तर ठाण्यात जाऊन विचारा. बऱ्याच पोरांना आपलं नाव एफआयआरमध्ये आहे हेच माहीत नसतं.

२. जुनी केस असेल तर निकालाची प्रमाणित नक्कल कोर्टातून काढून ठेवा. निवड झाल्यावर धावपळ करायला वेळ मिळत नाही.

३. किरकोळ केस वर्षानुवर्षं पडून असेल तर वकिलाला विचारून लोकअदालतीत मिटवता येते का बघा.

४. आधार, मार्कशीट, शाळेचा दाखला यांवर नाव आणि जन्मतारीख एकच आहे ना, तपासा.

५. ‘रेकॉर्ड साफ करून देतो’, ‘कोरा दाखला काढून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. बनावट दाखला वापरला की दुसरा गुन्हा तुमच्यावरच होतो, आणि तो किरकोळ नसतो.

६. फॉर्म स्वतः वाचून भरा. सायबर कॅफेवाल्याने भरला तरी खाली सही तुमची असते आणि पुढे जबाबही तुम्हालाच द्यावा लागतो.

भांडणं, आंदोलनं, मिरवणुका गावात होतच राहणार. त्यात एकाचं नाव लिहायचं तर तक्रारीत घरातल्या सगळ्यांची नावं घालायची, ही आपल्याकडची रीत. वडीलधाऱ्यांनी एवढा विचार करावा की, रागाच्या भरात तक्रारीत घातलेलं शेजारच्या पोराचं नाव दहा वर्षांनी त्याच्या पोटावर येतं. आणि समोरच्यानेही तेच केलं, तर ते नाव तुमच्या पोराचं असतं.